पायाशी ठेवलेली कुदळ

पाथरबोडीत कुणाच्याही घरी जा, कुदळ भिंतीला टेकून उभी दिसेल. आडवी दिसली तर समजावं, घरातलं माणूस गेलंय. ही तिथल्या कोहळी लोकांची रीत. गावचा तो समुद्रासारखा तलाव त्यांच्या वाडवडिलांनी कुदळीने खोदला, पाळ बांधली, पाळीखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान पिकवला. जिच्या जिवावर गाव जगलं तिला मातीत लोळवायचं नाही, असं ते म्हणत. शहाण्यांना हसू येईल. येऊ द्या. शहाण्यांच्या घरीही असल्या पुष्कळ गोष्टी असतात, फक्त तिथे त्यांना संस्कार म्हणतात.

मनिराम हा तलाव बांधणाऱ्या चैतरामबाबाच्या वंशातला. बाबाची कुदळ त्याच्याच घरी होती. दांडा किती वेळा बदलला देव जाणे, पातंही एकदा नवं बसवलं होतं, पण कुदळ बाबाचीच. पेरणीच्या आधी मनिराम ती खांद्यावर घेऊन पाळीवर जायचा, पाळीत उभी रोवायचा, नारळ फोडायचा आणि तशीच खांद्यावर घरी आणायचा. वाटेत कुठे टेकवायची नाही, मग समोरून कलेक्टर येवो की सासरा.

मनिरामचं दुसरं वेड दंडारीचं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्रीच्या दंडारीत राजा तोच. दंडारीत काय असतं? एक खाट, एक धोतराचा पडदा आणि गॅसबत्ती. पण राजाने म्हटलं की समोर हत्ती आहे, तर हत्ती असतो. बघणाऱ्यांतून कुणी टोमणा टाकला तर राजाने तिथल्या तिथे त्याचा मुडदा पाडायचा, शब्दाने. मनिरामच्या तोंडाला लागायला आसपासच्या गावांतले पुढारीही कचरत. शब्द बोलला की गोष्ट झाली, हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं. तेच त्याला पुढे नडलं.

दंडारीचा शेवट दरवर्षी ठरलेला. सरदार हैबतरावाची फौज पाळीखालच्या बांध्यांत उतरली आहे. सरदार म्हणतो, बियाण्यासकट सगळा धान काढ. पाळीवर चैतरामबाबा उभा. खांद्यावर कुदळ. बाबा म्हणतो, बियाण्याला हात लावलास तर या पाळीत कुदळ घालतो. मी वर आहे, तू खाली आहेस, पुढचं पाणी बघेल. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत फौज निघून जाते. एवढीच गोष्ट. पण ती ऐकताना म्हाताऱ्यांच्याही माना ताठ होत.

सत्तावनच्या बंडाची शताब्दी नुकतीच होऊन गेली होती. जुन्या लढाया आणि वीरपुरुष यांचे माहितीपट काढायची टूम निघाली होती. एकोणीसशे अठ्ठावनच्या उन्हाळ्यात अशीच एक मंडळी मुंबईहून हैबतरावाचा पट काढायला पाथरबोडीला आली. जीपमध्ये दिग्दर्शक साहेब, डोक्यावर टोपी, गळ्यात ऊन बघायची काळी काच. सरदार व्हायला एक गोरापान नट. आणि सामानाच्या गाडीवर गोंदियाचा चुन्नीलाल, जो गाडी चालवायचा, दिवे लावायचा, चहाही करायचा आणि सगळ्यांशी हिंदीत बोलायचा.

घोडा मात्र गोंदियाच्या टांग्याचा होता. सरदार वर बसला की तो चार पावलं जायचा आणि सवारी उतरेल म्हणून थांबायचा. फौजेतली माणसं गावचीच. त्यांना हसू आवरेना. एक सकाळ त्यातच गेली.

दुपारी साहेबांनी मनिरामला बोलावलं. सरपंच दुधरामही होताच. साहेबांची मर्जी राखली तर गावापासून अर्जुनीच्या बाजारापर्यंतचा रस्ता लवकर होईल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"पाटील, चैतराम तुम्ही करायचा," साहेब म्हणाले. "सरदार पाळीवर येतील. तुम्ही पुढे व्हायचं, वाकायचं, कुदळ त्यांच्या पायाशी ठेवायची, हात जोडायचे आणि मागे सरायचं."

मनिरामने डोक्याचा शेला काढून पुन्हा बांधला. राग आला की तो असंच करायचा.

"असा काही झाला नाही, साहेब."

"बखरीत तसं लिहिलंय."

"कोनं लिवली?"

"सरदारांच्या कारकुनाने. तो स्वतः हजर होता."

"मंग त्या कारकुनाच्या नातवालेच सांगा ना कुदळ ठेवाले. माह्या बावाले कायले वाकवता?"

फौज खदखदून हसली. साहेबही हसले, पण दात न दाखवता. म्हणाले, "बघा बुवा. तुमच्यावर सक्ती नाही. शेजारच्या गावचा तो घनश्याम कालपासून मागे लागलाय. तो करील."

घनश्यामला मनिराम ओळखून होता. त्याच्याच दंडारीत तो कधी प्रधान, कधी चोर व्हायचा. वाक म्हटलं तर लोटांगण घालील आणि वर साहेबाला विचारील, आणखी एकदा घालू का?

"काऊन अडवून राहिलास गा?" दुधराम त्याला बाजूला घेऊन म्हणाला. "शिनेमाच तर होय. खरा थोडीच आहे."

"खरा नाही त मंग मुंबईहून कायले आले?" मनिराम म्हणाला, आणि पाळीवर निघून गेला.

उन्हाने तलाव निम्मा आटला होता. मनिराम पाळीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. येताना त्याच्या चालीत दंडारीचा राजा उतरला होता. त्याला युक्ती सापडली होती. ठेवू की कुदळ. पण मुकाट्याने कोण ठेवणार आहे? दंडारीत राजाही हात जोडतो, आणि जोडलेल्या हातांनी समोरच्याची अब्रू घेतो. आपणही असं काही बोलू, की ठेवलेली कुदळ म्हणजे शरण नाही, आव्हान होईल. साहेबाची बखर राहील आणि बाबाचा मानही राहील.

"ठेवतो," तो साहेबांना म्हणाला. दुधरामने सुटकेचा निःश्वास टाकला.

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते झालं. सगळं गाव पाळीवर लोटलं होतं. मनिरामची बायको रुख्मा बायकांत पुढेच उभी होती आणि नवऱ्याच्या हातातल्या कुदळीवरून तिचे डोळे हलत नव्हते. साहेबांनी हात खाली केला. मशीन टरटरू लागलं. सरदार घोड्यावरून उतरला, घोड्याने सुस्कारा टाकला. मनिराम पुढे झाला, वाकला, आणि बाबाची कुदळ त्याने सरदाराच्या पायांतल्या चढावांपाशी मातीत आडवी ठेवली. मग हात जोडले आणि मंडईच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला:

"ठेवली कुदळ, सरदार. आता तूच उचल. ह्या पाळीत घाल एक घाव. माहा गाव वरतं आहे, तुही छावनी खालतं आहे. पानी कोनाकडे जाते थे आपल्या हत्तीले विचार."

पाळ दणाणली. टाळ्या, शिट्ट्या. मुंबईचा सरदार खरोखरच गोंधळला आणि अर्धं पाऊल मागे सरला. आणि साहेब काय म्हणाले असतील? "वा! उत्तम!" मनिरामला क्षणभर नवल वाटलं. एवढं बोललो, तरी हा माणूस खूश कसा? पण जिंकलेला माणूस फार चौकश्या करत नाही. त्याने कुदळ उचलली, पुसली आणि खांद्यावर टाकून घरी गेला. त्या दिवशी तो जो भात जेवला तो त्याला गुळासारखा गोड लागला.

सकाळी मंडळी निघाली. चुन्नीलाल पेट्या बांधत होता. मनिराम त्याच्यासाठी जांभळं घेऊन गेला होता.

"चुन्नीलालभाऊ, माहा आवाज त्या मशीनमंधी बराबर भरला ना?"

"कैसी आवाज, काकाजी?" चुन्नीलाल दोरीला गाठ मारत म्हणाला. "ये मशीन तो बहरी है. सिर्फ देखती है. आवाज बंबई में डालेंगे. कोई साहब बैठके कागज पढ़ेगा."

"मंग मी बोललो थे?"

चुन्नीलालने वर बघितलं. त्याला काल काय झालं ते आता कळलं असावं, कारण त्याने हातातलं जांभूळ तोंडात न टाकता परत पानात ठेवलं. "वो तो हवा में गया, काकाजी."

 शब्द गेले. राहिलं काय? वाकलेला मनिराम, जोडलेले हात, सरदाराच्या पायाशी मातीत लोळलेली बाबाची कुदळ. हे गावोगाव दिसणार, आणि ते बाबाने केलं असंच लोक म्हणणार. घनश्यामने केलं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं, वर टाळ्या घेतल्या होत्या.

तो जीपपाशी धावला. साहेब बसले होते.

"साहेब, थे परत काढा."

"आता कसं काढणार? फिल्म संपली. आणि फार सुंदर झालंय, पाटील."

"मंग माहे शब्द लिवून घ्या. तुमचा मानूस वाचन."

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण इतिहास असा बदलता येत नाही."

"मंग तुमी कायले बदलला?"

यावर साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं आणि जीप सुटली. धूळ खाली बसेपर्यंत मनिराम तिथेच उभा होता. आमच्याकडे म्हणतात, हत्तीच्या अंगावर भुंकता येतं, पण धुळीशी भांडता येत नाही. मनिराम मात्र धुळीशीही भांडला. बराच वेळ.

त्याने गावापासून काही लपवलं नाही. त्याच दिवशी चावडीवर सांगून टाकलं, मशीन बहिरं होतं आणि मी गाढव होतो. काही हसले. दुधराम म्हणाला, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे. पण म्हातारे हसले नाहीत, आणि ते न हसणं मनिरामला जास्त लागलं.

पेरणी आली. पाळपूजेच्या सकाळी मनिरामने कुदळीला हात लावला नाही. पुतण्या श्यामलालला म्हणाला, तू घे. श्यामलालने काकूकडे पाहिलं.

"तुमी काऊन नाही घेत?" रुख्माने विचारलं.

"ज्या हातानं पायाशी ठेवली, त्या हातानं खांद्यावर कशी घेऊ?"

"ठेवली त ठेवली," रुख्मा म्हणाली. "खालतं पडलेली वस्तू उचलता येत नाही का? हात का त्या मशीनमंधी गेले?"

  श्यामलालने कुदळ नेली आणि मनिराम मागून रिकाम्या हातांनी चालत गेला. त्या साली मंडईत राजाही त्याने केला नाही. घनश्यामने केला. वाईट केला, पण ते सांगत बसत नाही.

धान कापून झाला, बांध्या मोकळ्या झाल्या, आणि एका संध्याकाळी सरकारी प्रचाराची, गावोगाव पट दाखवणारी गाडी आली. चालवणारा चुन्नीलालच. बरोबर एक नवे तरुण साहेब. चुन्नीलालने पाळीखालच्या बांधीत दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणला, कारण सपाट जागा तीच होती. लोक पाळीच्या उतारावर बसले. म्हणजे गाव वर आणि पडदा खाली. अगदी हैबतरावाची छावणी पडली होती तिथेच. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण म्हाताऱ्यांच्या लगेच लक्षात आलं आणि ते एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

मनिराम येणार नव्हता. रुख्माने त्याला आणलं. आणि तो बसला तेव्हा त्याला दिसलं, की तिच्या पलीकडे, तिने एका हाताने उभी धरलेली, बाबाची कुदळ आहे.

"हे कायले आनली वो?"

"बघू द्या तिलेही. तिचाही शिनेमा होय."

दिवा लागला. किल्ले आले, तलवारी आल्या, नकाशावर बाण धावले. मग आपला तलाव आला, आणि पोरांनी आरोळी ठोकली. टांग्याचा घोडा आला, त्यालाही आरोळी. एक भारदस्त आवाज हिंदीत बोलत होता, इतका गोड की सरदाराने धान लुटला असता तरी माणसाने थँक्यू म्हणावं. मग पाळीवर मनिराम दिसला.

"मनिरामबावा!" पोरं ओरडली.

पडद्यावरचा मनिराम वाकला. भारदस्त आवाज म्हणाला, "और गाँव के मुखिया ने अपनी कुदाल वीर सरदार के चरणों में रख दी. उदार सरदार ने उसे अभयदान दिया." पडद्यावरच्या मनिरामचे ओठ हलत होते. काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं. दयेची भीक मागतोय असंच वाटत होतं.

पोरं गप्प झाली. सगळी पाळ गप्प झाली.  शरमेने मनिराम मातीत गेला असता, पण शरमेच्या खाली त्याला दुसरं काहीतरी हाताला लागलं आणि ते गरम होतं. पडद्यावर सरदार अजून उभा होता. मुंबईवाल्यांनी त्याला भरपूर वेळ दिला होता.

रुख्माने कुदळ त्याच्यापुढे केली. "जा," ती म्हणाली.

मनिराम उतार उतरून गेला तो सरळ दिव्याच्या झोतात. पडद्यावर त्याची काळी सावली पडली, सरदारापेक्षा मोठी. त्याने कुदळीचं पातं पडद्यावरच्या कुदळीपर्यंत खाली नेलं, आणि मग सावकाश, दोन्ही हातांनी कुदळ वर उचलून खांद्यावर घेतली. सावलीनेही उचलली. पात्याची सावली सरदाराच्या छातीवरून, तोंडावरून, पगडीवरून वर गेली. मग मनिराम वळला आणि बोलला. तेच शब्द, त्याच आवाजात. फक्त या वेळी मध्येच थांबला.

"माहा गाव वरतं आहे..."

"तुही छावनी खालतं आहे!" सगळी पाळ एका तोंडाने म्हणाली. त्यांना शब्द पाठ होते. ते हवेत गेले नव्हते तर. तो भारदस्त आवाज अभयदानाचं पुढचं काहीतरी सांगत राहिला, पण ते कुणाला ऐकू आलं असेल तर त्या घोड्याला.

तरुण साहेब धावत आले. "बाजूला व्हा! सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही. पोलिसांना कळवावं लागेल."

मनिरामचा श्वास लागला होता. पण आवाज शांत होता.

"चालू द्या ना तुमचा पट. मी थांबवून नाही राहिलो, साहेब. त्यात जे खालतं ठेवला, थे उचलून राहिलो."

दुधराम सरपंच उठला. आता हा साहेबांची माफी मागणार, असं मनिरामला वाटलं. दुधराम म्हणाला, "साहेब, रस्ता राहू द्या. तेवढा तुकडा पुन्हा एकदा लावा."

साहेबांनी लावू दिला नाही. उलट दुसऱ्या दिवशी अर्जुनीच्या बाजारात हैबतरावाचा पट दाखवायचाच नाही, असं त्यांनी चुन्नीलालला बजावलं. पण गोष्टी गाडीच्या आधी पोचतात. अर्जुनीत पडदा ताणतानाच लोक विचारू लागले, कुदळवाला पट हाच ना? साहेब म्हणाले, तसला पट आमच्याकडे नाही. लोक म्हणाले, मग आम्हीही जातो. आणि उठू लागले.

साहेबांनी गर्दीकडे नजर टाकली. पहिल्या रांगेत मनिराम बसला होता. छोट्या लाईनच्या आगगाडीने आला होता, आणि डब्यात दाटी असतानाही सबंध वाट त्याने कुदळ खांद्यावरून खाली ठेवली नव्हती. दोन प्रवाशांनी त्याचा उद्धार केला होता, एकाने जागा दिली होती.

"कुठकुठे येणार आहात तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"कुठंकुठं जाते तुमचा पट?"

"देवरी, कोहमारा, नंतर सगळा जिल्हा."

"मंग थेच," मनिराम म्हणाला.

 चुन्नीलालने साहेबांना विचारलं नाही. त्याने पेटीतून हैबतरावाची रीळ काढली, मशीनवर चढवली, आणि आवाजाची कळ हळूच अगदी बारीक करून ठेवली. मग मनिरामकडे बघून म्हणाला, "काकाजी, अब मशीन गूंगी भी है. आप बोलिए."

दिवा लागला. मनिराम उठला.